नवा प्लग आणि पेट्रोलचं मिश्रण: एनजीकेच्या निकेल आणि इरिडियम प्लगचं परीक्षण

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, पिकअप गेलं, की स्पेअर पार्टच्या काउंटरवर दोन डबे समोर येतात. एकात साधा निकेलचा स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा, साधारण शंभर-दोनशे रुपयांना एक. दुसऱ्यात इरिडियमचा, पाचशेच्या पुढे. दुसरा डबा पुढे सरकवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हा टाका, मिश्रण नीट जळतं, पेट्रोल कमी लागतं." या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा जुन्या प्लगची अवस्था काय होती त्यावर ठरतो. या परीक्षणासाठी एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीचे बीपीआर६ईएस हा निकेलचा आणि बीपीआर६ईआयएक्स हा त्याच मापाचा इरिडियमचा, असे दोन प्लग धरले आहेत. तुमच्या गाडीला कोणता नंबर लागतो ते मालकाच्या पुस्तिकेत पाहा; इथलं बाकीचं सगळं कुठल्याही पेट्रोल गाडीला लागू आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. झिजलेला निकेल काढून नवा निकेल टाकला तर गेलेलं अ‍ॅव्हरेज परत येतं. चांगला निकेल काढून इरिडियम टाकला तर पेट्रोलमध्ये जो फरक पडतो तो दोन टाक्यांच्या भरण्यातल्या फरकात हरवून जातो. इरिडियमचे पैसे वसूल होतात ते वेगळ्या कारणांनी, आणि ती पुढे येतीलच.

मिश्रण ठरवणारा प्लग नव्हे. इंजेक्शनच्या गाडीत किती हवा आत गेली हे सेन्सर सांगतो, ईसीयू (इंजिनचा संगणक) त्या हिशेबाने पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो, आणि सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर हिशेब बरोबर आला की नाही ते कळवतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. ठिणगी या सगळ्यानंतर पडते, तेव्हा आत जायचं ते जाऊन बसलेलं असतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तर प्लग आणि मिश्रण यांचा एका दिशेचाच संबंध: मिश्रण कसं आहे ते प्लगचा रंग दाखवतो, प्लग मिश्रणाला काहीही करत नाही. तिथे मिश्रण बदलतं ते मिस मारणाऱ्या गाडीचा आयडल (उभ्या गाडीत इंजिनचं संथ चालणं) सावरायला कुणीतरी स्क्रू फिरवतो म्हणून.

इंजेक्शनच्या गाडीत मात्र खराब प्लग मिश्रण बिघडवतो, आणि तेही आडवाटेने. झिजलेल्या प्लगची ठिणगी चुकली की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर जातं, आणि त्याच्यासोबतची हवाही. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. चार सिलिंडरपैकी एक पूर्ण बंद पडला तर बाहेर जाणाऱ्या वायूचा चौथा हिस्सा जवळपास नुसती हवा असतो, म्हणजे सरासरी ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास. सेन्सरच्या लेखी इंजिन लीन चाललंय, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू इमानदारीने पेट्रोल वाढवतो. पण बऱ्याच छोट्या गाड्यांत चारही सिलिंडरना मिळून एकच सेन्सर असतो, त्यामुळे वाढवलेलं पेट्रोल चौघांनाही मिळतं. एकाची चूक, दंड चौघांना.

हे प्लग काढल्यावर डोळ्यांनी दिसतं. चारही प्लग काढल्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. एक ओला, पेट्रोलचा वास मारणारा, इलेक्ट्रोडच्या कडा गोटीसारख्या गोल झालेल्या. उरलेले तीन कोरड्या काळ्या काजळीने मढलेले, बोटाला लागेल अशी. इथे बहुतेक वेळा निदान चुकतं. तीन काळे प्लग पाहून "गाडी रिच चालतेय", म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, म्हणून इंजेक्टर साफ करायला टाकले जातात, एअर फिल्टर बदलला जातो, कधी ऑक्सिजन सेन्सरही बदलला जातो. तीन प्लगची काजळी चौथ्यामुळे आलेली असते. अशा वेळी चारही प्लग बदलायचे, एकटा ओला नव्हे. कारण बाकीच्या तिघांचं वयही तेवढंच असतं. आणि ओल्या प्लगच्या जागची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहायची. मिसफायर (ठिणगी चुकणं) कॉइलसोबत सरकला तर दोष कॉइलचा, जागेवर राहिला तर प्लगचा, इंजेक्टरचा किंवा कॉम्प्रेशनचा.

ठिणगी चुकते का, हेही समजून घ्यायला हवं. ठिणगीला टोकदार कड आवडते. नव्या निकेल प्लगचा मधला इलेक्ट्रोड २.५ मिलिमीटर जाड, चौरस कडेचा असतो. प्रत्येक ठिणगीला धातूचे कण उडतात, कड गोल होते, मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधलं अंतर म्हणजे गॅप वाढतो, आणि तेवढीच उडी मारायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. आयडलवर कॉइल ते देते. घाटात, चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाट हवेतून ठिणगी मारणं अवघड होतं, आणि गाडी नेमकी तिथे झटके देते. आयडलला शांत आणि चढाला लंगडी, ही वाढलेल्या गॅपची खूण आहे. आयडललाच थरथरते आणि वेग दिल्यावर सुधारते, ही बहुतेकदा इनटेकमधून हवा गळण्याची. तिथे प्लग बदलून काही होत नाही.

हे सगळं स्कॅनरवर आकड्यांत पाहता येतं. सहाशे-सातशे रुपयांचं ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं की फोनवर दोन ओळी मिळतात: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी टाकतोय ते या ओळी सांगतात. दोन्हींची बेरीज गरम इंजिनवर अधिक-उणे ५ च्या आत असेल तर मिश्रण ठीक. सतत अधिक १० च्या वर असेल तर ईसीयू कशाची तरी भरपाई करतोय. फार वर गेली की पी०१७१ हा लीनचा कोड लागतो, आणि मिसफायरचे कोड पी०३०० पासून पुढे, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०१७१ आणि पी०३०३ एकत्र दिसले तर आधी तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघा, मग बाकीचं.

एक सावधगिरी मात्र हवी. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलला वजनाने फक्त ९ भाग हवा लागते, त्यामुळे ई२० चं योग्य प्रमाण १३.५ च्या आसपास येतं, ई१० चं १४.१. ई१० साठी ट्यून केलेली गाडी ई२० वर चालवली तर प्लग नवे असले तरी ट्रिम चारेक टक्के वर दिसणार. तो दोष नव्हे, इंधनाचा गुण आहे. प्लग बदलल्यावर ट्रिम शून्यावर आली नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

आता डब्यातल्या मालाकडे. बीपीआर६ईएसच्या नावात सगळी माहिती आहे. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि २०.८ मिलिमीटरचा षटकोन. पी म्हणजे चिनीमातीचं टोक पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर, साधारण ५ किलोओहम. तो नसेल तर रेडिओ खरखरतो आणि ईसीयूलाही त्रास होतो. ६ ही उष्णतेची श्रेणी. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा एस म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा इलेक्ट्रोड. पुढे "-११" जोडलं असेल तर गॅप १.१ मिलिमीटर, नसेल तर या प्लगला ०.८. नंबरातलं एक अक्षर चुकलं तर नुकसान प्लगपुरतं थांबत नाही. ई ऐवजी लांब आट्यांचा प्लग बसवला आणि पिस्टनला लागला, तर हेड उघडावं लागतं.

श्रेणीच्या आकड्यावर काउंटरवर सर्वांत जास्त गोंधळ होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, टोकाची उष्णता लवकर हेडकडे सोडणारा. बॉशमध्ये उलटं, मोठा म्हणजे गरम. जुने मिस्त्री अजून "मायको प्लग" मागतात. मायको हेच बॉशच्या भारतातल्या कंपनीचं जुनं नाव, ते २००८ मध्ये बदललं. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा साधारण २०. बाकी ब्रँडसाठी तक्ता पाहा, अंदाज करू नका. प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८७० अंश सेल्सिअसमध्ये राहिलं तर तो स्वतःची काजळी स्वतः जाळतो. त्याखाली राहिला तर काजळी साठते, काजळीतून वीज बॉडीकडे गळते आणि ठिणगी कमजोर पडते. त्यावर गेला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. सहाच्या जागी सात बसवून रोज दोन किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला पंधरा दिवसांत मिसिंग सुरू होऊ शकतं, आणि मग वरचीच साखळी: मिसफायर, खोटा लीन, जास्त पेट्रोल, अजून काजळी.

बीपीआर६ईआयएक्सचा मधला इलेक्ट्रोड ०.६ मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या शिशासारखा. इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला, म्हणून एवढं बारीक टोक टिकतं. बारीक टोकाला कमी व्होल्टेज पुरतं, ठिणगी चुकण्याचं प्रमाण कमी, आणि जाड इलेक्ट्रोड ठिणगीच्या ज्वाळेची उष्णता जेवढी शोषतो तेवढी हा शोषत नाही. थंड इंजिन सुरू होताना हे जाणवतं. पण डब्यावरचं "इरिडियम" वाचून एक लाख किलोमीटरची अपेक्षा धरू नका. या प्लगचा बाजूचा, म्हणजे ग्राउंड इलेक्ट्रोड निकेल मिश्रधातूचाच आहे आणि तो त्या बाजूने झिजतो. ज्या गाड्यांना कंपनीकडूनच लांब मुदतीचे इरिडियम प्लग येतात, त्यांच्या ग्राउंडवरही प्लॅटिनमचा ठिपका असतो. तो प्लग वेगळा, त्याचा नंबर वेगळा आणि किंमतही. अशा गाडीत आयएक्स (म्हणजे हाच बीपीआर६ईआयएक्सच्या जातीचा प्लग) टाकला तर खर्च वाचल्यासारखा वाटतो, पण मुदत घटते.

तीन-चार पायांचे, म्हणजे तेवढे बाजूचे इलेक्ट्रोड असलेले प्लगही याच काउंटरवर मिळतात. ठिणगी एका वेळी एकाच पायाकडे जाते. पाय जास्त म्हणजे झीज वाटली जाते, ताकद वाढत नाही.

बसवताना घाई केली तर चांगला प्लगही वाया जातो. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोबत येतात. आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तळाची वाळू प्लग निघाल्यावर सिलिंडरमध्ये पडते. कॉइलचा बोल्ट काढा, कॉइल आधी थोडी फिरवून मग वर ओढा, रबर फाटत नाही. खड्ड्यात तेल दिसलं तर थांबा: टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय. ते न बदलता नवा प्लग बसवला तर तेलाने कॉइलचा रबर फुगतो आणि ठिणगी नळीतूनच बाजूला उडते. प्लगला योग्य मापाचा, आतून रबर किंवा चुंबक असलेला सॉकेट वापरा.

निकेल प्लगचा गॅप गोल तारेच्या गेजने मोजा आणि फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवून जुळवा. इरिडियमच्या टोकाला गेजचा धक्का लागला तर ते तुटतं. नाण्यासारखा तिरका गेज इथे वर्ज्यच. आयएक्स बहुतेकदा जुळवलेला येतो, मोजून बघायचा आणि बरोबर असेल तर हात लावायचा नाही. हातातून फरशीवर पडलेला प्लग बाजूला ठेवा. चिनीमातीला गेलेला केसाएवढा तडा दिसत नाही, पण चढावर मिस मारायला तो पुरेसा असतो.

नवा प्लग पाना न लावता, अर्धा फूट रबरी पाइपच्या टोकाला खोवून आट्यांवर बसवा. आटे तिरके गेले तर पाइप हातात घसरतो आणि हेड वाचतं. मग टॉर्क रेंच: १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२. रेंच नसेल तर १४ मिलिमीटरचा नवा प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते पाऊण यांच्या मधला फेरा, म्हणजे वॉशर दबतो तेवढाच. जुनाच प्लग परत लावत असाल तर बाराव्या हिश्शाचा फेरा पुरे, त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. आट्यांना ग्रीस लावण्याची सवय सोडा. ग्रीसमुळे तोच टॉर्क जास्त ताण देतो आणि प्लगची मान ताणली जाते. एनजीके स्वतःच लावू नका म्हणते. सैल राहिलेला प्लग त्याहून वाईट: उष्णता हेडमध्ये जात नाही, टोक तापतं, आणि चिनीमाती पांढरीफटक पडून तिच्यावर फोड येतात. बाहेरच्या चिनीमातीवर धातूच्या कडेला तपकिरी डाग दिसतो तो मात्र गळतीचा नव्हे. उच्च दाबाच्या विजेने ओढलेली तेलकट धूळ असते ती. त्या डागावरून प्लग बदलायला सांगणारे भेटतात, त्यांना हसून नाही म्हणावं.

शेवटी बॅटरीचं टर्मिनल काढून "ईसीयू रिसेट" करण्याची पद्धत आहे. गरज नसते. लाँग टर्म ट्रिम चालवता चालवता हळूहळू खाली येते. शहर आणि हायवे मिळून शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा आकडा बघा. आधीचा आकडा लिहून ठेवला नसेल आणि टर्मिनलही काढलं असेल, तर प्लगने काय सुधारलं हे ठरवायला काही उरत नाही. गाडी पूर्ण दाबून चालवताना आणि थंडीत पहिले काही क्षण ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, तेव्हाचे आकडे मोजायचे नाहीत.

सीएनजीच्या गाडीत सगळं चित्र अधिक कडक होतं, आणि इरिडियमची बाजू तिथे खरी भक्कम होते. सीएनजीला वजनाने १७.२ च्या आसपास हवा लागते, ते पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि पेट्रोलचे थेंब वाफ होताना जो थंडावा देतात तो मिळत नाही. म्हणून पेट्रोलवर अजून सहा महिने चालला असता असा प्लग सीएनजीवर आजच झटके देतो. बटण दाबून पेट्रोलवर आणलं की गाडी गुळगुळीत, सीएनजीवर आणलं की चढाला हिसके: आधी प्लग, मग कॉइल, किट सर्वांत शेवटी. कंपनी फिटेड सीएनजीला पुस्तिकेतलाच नंबर आणि गॅप. बाहेरून बसवलेल्या किटला ०.८ वरून ०.७ पर्यंत गॅप आणला जातो; त्याखाली नेऊ नका, ठिणगी इतकी लहान होते की आयडलला मिश्रण पेटायला चुकतं. अशा रोज शंभर-दीडशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला इरिडियम घ्यावा. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड काढावं लागतं, तिथेही घ्यावा, कारण मजुरी प्लगपेक्षा महाग पडते. महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या पेट्रोल हॅचबॅकला निकेलच बरा, वेळेवर बदलला तर. मिसफायर तसाच ओढत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, आणि तो खर्च दहा सेट प्लगच्याही वर जातो.

खरेदी करताना डबा उघडून बघा. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत, आणि नकली इरिडियम तर फायद्याचाच धंदा. खऱ्या प्लगचा वॉशर आट्यांवर फिरतो, पण सहज ओघळून हातात येत नाही. आटे गुळगुळीत असतात, कडेला चुरा राहिलेला नसतो. चिनीमातीवरची छपाई नखाने निघत नाही. मधला इलेक्ट्रोड आणि वरचा पाय एका रेषेत असतात. चार प्लग एकत्र धरून समोरून पाहा, एक जरी वाकडा दिसला तर पूर्ण सेट परत. इरिडियमच्या टोकाभोवती वेल्डिंगची बारीक कडी भिंगातून दिसायला हवी. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या "इरिडियम"मध्ये ते टोक कधी कधी नुसतं घासून बारीक केलेलं निकेल असतं. काही हजार किलोमीटरांत ते बोथट होतं आणि ट्रिम पुन्हा दहाच्या वर.

बिलावर प्लगचा पूर्ण नंबर लिहून घ्या, "प्लग सेट" एवढंच नको. पुढच्या वेळी चुकीची श्रेणी बसली होती का, हे त्या एका ओळीवरून कळतं.